आत शिरण्याआधीचा प्रश्न

पुण्याच्या इतिहासात आगींच्या नोंदी मुबलक आहेत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाडा पेटला आणि सात दिवस जळत राहिला, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा भस्मसात झाला आणि विश्रामबागवाड्याची पूर्वेकडची बाजू गेली. सरकारचा पहिला संशय वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडावर गेला. पुढे तपासात पुस्तकांच्या सरकारी कोठारातला एक कारकून निघाला. या साऱ्या हकिकती वाड्यांच्या, मालकांच्या आणि आरोपींच्या आहेत. जळत्या तुळयांखाली पाणी घेऊन धावलेल्या माणसाला त्यांत जागा नाही. तो भाजला का, वाचला का, त्याच्या घरच्यांचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवावे असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

आग विझवणाऱ्याचा जीव हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, हे आपल्याकडे फार उशिरा उमगले, आणि तेही एका भयंकर दुपारनंतर. पुण्यात भवानी पेठेतल्या मध्यवर्ती केंद्रापासून उपनगरांतल्या छोट्या केंद्रांपर्यंत दर वर्षी १४ एप्रिलला जवान रांगेत उभे राहतात, हुतात्म्यांना मानवंदना देतात आणि २० तारखेपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्याच दिवशी शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीची गर्दी असते, त्यामुळे बहुतेक पुणेकरांना हा दुसरा दिनविशेष जाणवतही नाही. ही तारीख मुंबईतून आलेली आहे. तिथे काय घडले ते तपशिलाने पाहायला हवे, कारण अग्निशमन दलातल्या माणसाच्या सुरक्षिततेचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या एका दुपारी दिसून गेले होते.

'फोर्ट स्टिकिन' हे सात हजार टनांवरचे मालवाहू जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, विमाने होती, सोन्याच्या विटा होत्या. कराचीला रिकाम्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गासड्या भरल्या गेल्या. शिवाय तेलाची पिंपे आणि लाकूड. कापूस एकदा आतून धुमसायला लागला की बाहेरून कळत नाही, आणि तो स्फोटकांच्या शेजारी ठेवू नये हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होते. पण लढाई चालू होती, जहाजे अपुरी होती, आणि युद्धाच्या घाईत सगळे चालते असे मानले जात होते. स्फोटके असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो. तोही लावला नव्हता.

१४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कोठ्यातून धूर येताना दिसला. बंब आले, पाणी सुरू झाले. पुढचे दोन तास मुंबई अग्निशमन दलाचे जवान जहाजाच्या डेकवर आणि धक्क्यावर उभे राहून त्या कोठ्यात पाणी सोडत होते. नऊशे टनांहून अधिक पाणी आत गेले, तरी आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. डेक तापला. बाहेरच्या पत्र्यावरचा रंग फुगून गळू लागला. पत्रा कापून आत पाण्याचा मारा करावा म्हणून गॅस कटर मागवला, त्याचाही उपयोग झाला नाही.

याच वेळी धक्क्यावर दुसरी एक गोष्ट चालली होती, आणि माझ्या मते त्या दिवसाचा खरा अनर्थ तीच होती. दारूगोळ्याच्या अधिकाऱ्याने जहाजात काय आहे ते पाहून ते बुडवावे असे सुचवले. गोदीतले पाणी जहाज पुरते बुडावे इतके खोल आहे का, यावर मतभेद झाले. जहाज ओढून समुद्रात न्यावे तर त्याच्या इंजिनाची दुरुस्ती चालू होती. कप्तान, दारूगोळ्याचा अधिकारी, गोदीचे अधिकारी आणि अग्निशमन दलाचे प्रमुख, प्रत्येकाचे एकेक मत होते. सगळ्यांवर चालेल असा एकाचा हुकूम नव्हता. आणि ही चर्चा चालू असताना जवान आपापल्या होजला धरून उभेच होते. जहाजात काय आहे याची पुरती कल्पना त्यांच्यातल्या फार थोड्यांना असेल. चारला दहा मिनिटे कमी असताना ज्वाळा कोठ्याबाहेर उसळल्या आणि जहाज सोडण्याचा हुकूम झाला. डेकवरचे लोक खाली उतरले, पण धक्क्यावरून पाणी मारणे सुरूच राहिले.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. साधारण अर्ध्या तासाने दुसरा. सतराशे किलोमीटरवरच्या सिमल्यातल्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. जवळपास ऐंशी हजार माणसे बेघर झाली. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. सरकारने बातमी दाबून ठेवली. जगाला ती प्रथम जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून कळली, आणि इथल्या वर्तमानपत्रांना ती छापायची मुभा मे महिन्यात मिळाली.

त्या ६६ जणांचे स्मरण करताना आपण नेहमी त्यांच्या धैर्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या मृत्यूची कारणमीमांसा केली तर धैर्याचा संबंध फार थोडा येतो. त्यांना समोर काय आहे ते सांगितले गेले नाही. आग विझत नाही हे कळल्यावर किती वेळ थांबायचे हे ठरलेले नव्हते. मागे फिरा असे वेळेवर सांगणारा एक माणूस नव्हता. कापूस आणि स्फोटके शेजारी ठेवण्याचा निर्णय तर त्यांनी होज हातात घेण्याच्या कितीतरी आधी, कोणा दुसऱ्यांनी घेतला होता.

स्वातंत्र्यानंतर या तारखेला राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन म्हणून मान मिळाला. १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय पुढच्याच वर्षी नागपूरला आले, आणि देशभरातले अधिकारी तिथे शिकू लागले. इकडे १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका झाली, शहर वाढले, आणि बंबांचे काम आगीपुरते राहिले नाही. पानशेतचा पूर, कोसळणारे वाडे, विहिरीत पडलेली माणसे, लिफ्टमध्ये अडकलेली मुले, रस्त्यावर सांडलेले ऑइल, पतंगाच्या मांजात गुंतलेले पक्षी. दलात येणाऱ्या प्रत्येक बोलावण्याला 'वर्दी' म्हणतात. आज पुण्यातल्या केंद्रावर वर्दी आली की गाडीत चढणाऱ्या फायरमनला आणि त्यांच्या म्होरक्याला, म्हणजे तांडेलला, पुढच्या दहा मिनिटांत काय समोर येईल ते सांगता येत नाही. कारखान्यातल्या कामगाराला निदान आपले यंत्र ओळखीचे असते. याच्या कामाची जागा दर वर्दीला बदलते, आणि ती जागा सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ज्याची होती त्याने ती बहुधा पाळलेली नसते.

लंडनच्या अग्निशमन दलाचे पहिले प्रमुख जेम्स ब्रेडवुड हे आधुनिक अग्निशमनाचे जनक मानले जातात. बाहेरून उंच पाणी उडवण्यापेक्षा आत शिरून आगीच्या मुळाशी जा, हे त्यांनीच शिकवले. गोदामांमध्ये लोखंडी दरवाजे हवेत, म्हणजे आग एका खोलीतून दुसरीत जाणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरच्या गोदामांच्या आगीत ते आपल्या माणसांजवळ असताना एक भिंत त्यांच्यावर कोसळली. लोखंडी दरवाजे त्या दिवशी उघडेच ठेवलेले होते.

भिंत कोसळणे ही पुण्याला आणि मुंबईला फार जवळची गोष्ट आहे. ९ मे २०१५ च्या संध्याकाळी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवासी बाहेर काढले गेले. आग विझवण्याचे काम चालू असताना इमारत खाली आली. स्टेशन अधिकारी महेंद्र देसाई आणि सहायक विभागीय अधिकारी संजय राणे ढिगाऱ्यात गेले. उपप्रमुख सुधीर अमीन १४ मे रोजी आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर २४ मे रोजी रुग्णालयात मृत्यू पावले. एका महानगराच्या दलाचे प्रमुख आणि उपप्रमुख एकाच आगीत जावेत, याचा अर्थ ते मागे गाडीत बसून हुकूम देत नव्हते. त्याबद्दल मनात आदर दाटतो. आणि त्याच वेळी एक अवघड प्रश्नही उभा राहतो: पडू शकणाऱ्या इमारतीपासून किती लांब उभे राहायचे, हे ठरवणारे सगळेच एका ठिकाणी असले, तर त्यांना मागे ओढणार कोण?

हा प्रश्न कसबा, रविवार, भवानी, नाना पेठेतल्या प्रत्येक केंद्राचा आहे. वाड्याचा सांगाडा लाकडी असतो. खांब, तुळया, कडीपाट यांवर भार, भिंती विटा-मातीच्या. आगीत लाकूड बाहेरून कोळसा होत जाते आणि आतला जिवंत गाभा बारीक होत जातो. वर पाणी पडत असते ते मातीच्या भिंतीत मुरते आणि तिचे वजन वाढते. म्हणजे विझवण्याचे काम जितके लांबेल तितका आधार कमी होतो आणि ओझे वाढते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ज्वाळा कमी झालेल्या दिसतात, त्याला वाटते धोका टळला. अनुभवी तांडेल नेमक्या त्याच वेळी भिंतीला गेलेला तडा बघतो, चौकटीकडे बघतो, पडलेल्या मातीचा आवाज ऐकतो. भिंत जितकी उंच त्याच्या दीडपट अंतरापर्यंत कोणी उभे राहू नये, असा जगभर पाळला जाणारा ठोकताळा आहे. पेठेतल्या बोळात दीडपट अंतर मोजायला गेले तर समोरच्याच्या माजघरात जावे लागेल. २५ मे २०२३ च्या पहाटे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधली लाकडाची गोदामे पेटली तेव्हा शहरातल्या अनेक केंद्रांच्या गाड्या तिथे धावल्या. लाकडाच्या थप्प्या, खेटून घरे, अरुंद रस्ते. आग विझवण्याचे नियम मोकळ्या जागेत लिहिले जातात आणि पाळावे लागतात ते अशा बोळांत.

पुण्याच्या परिसरातली जी घटना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, तिच्यात मात्र आग नव्हतीच.

१ डिसेंबर २०१९, रविवार. दापोडीत, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, सांडपाण्याच्या वाहिनीसाठी खोल खड्डा खणला होता. त्यात एक मजूर मातीखाली अडकला. त्याला काढायला आजूबाजूचे दोन तरुण खाली उतरले आणि तेही अडकले. पिंपरी-चिंचवडच्या अग्निशमन दलाला वर्दी गेली. जवान आले, खाली उतरले, दोघा तरुणांना बाहेर काढले. मजुराला सोडवण्याचे काम चालू असताना कडेची माती पुन्हा ढासळली आणि जवानच तिच्याखाली आले. सहकाऱ्यांनी बाकीच्यांना ओढून काढले; विशाल जाधव हा जवान वाचला नाही. मजूरही गेला. पुढे एनडीआरएफच्या पथकालाही तिथे यावे लागले.

मातीचे गणित साधे आणि निर्दय आहे. एक घनमीटर माती म्हणजे सुमारे दीड टन वजन. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे डोके मोकळे असले तरी त्याला श्वास भरता येत नाही, कारण श्वास सोडला की छातीभोवतीची माती ती जागा घेते. खणलेली माती कडेलाच टाकली की तिचा भार उभ्या भिंतीवर येतो. शेजारून वाहने गेली की हादरा बसतो. बाजूला पूर्वी भरलेली जुनी चर असली, गळती लागलेला नळ असला, तर माती आधीच सुटलेली असते. म्हणून अमेरिकेतल्या नियमानुसार पाच फुटांहून खोल चर असेल, आणि ती पक्क्या खडकात नसेल, तर फळ्या व टेकू लावून, बाजू तिरक्या कापून किंवा लोखंडी पेटी उतरवून तिला आधार दिल्याशिवाय माणूस आत जात नाही, आणि खणलेली माती कडेपासून दोन फूट लांब ठेवली जाते. भारतीय मानकांतही खोदकामाच्या सुरक्षिततेची संहिता आहे. आपल्या रस्त्यांवर मात्र दोन-दोन पुरुष खोल चर नुसती उभी असते, आणि तिच्या तळाशी अनवाणी मजूर असतो.

एकदा ढासळलेली चर पुन्हा ढासळण्याची शक्यता पहिल्यापेक्षा जास्त असते, कारण पहिल्या पडण्याने वरची कड पोकळ लोंबत राहते. शास्त्र सांगते की वाचवणाऱ्याने आधी त्या कडा सावराव्यात, फळ्या टाकाव्यात, आणि मगच उतरावे. त्याला वेळ लागतो, फळ्या लागतात, टेकू लागतात, त्याचा सराव केलेली माणसे लागतात. आणि खड्ड्याभोवती शेकडो माणसे जमलेली असतात. आत एक जण जिवंत आहे. 'उतरा, उतरा' असा गिल्ला चाललेला असतो. अशा वेळी फळ्यांची वाट बघत उभा राहिलेला जवान गर्दीला भेकड वाटतो. मोबाइलवर त्याचे चित्रण होते. या दबावाखाली उतरू नका म्हणणे हे आत उड्या घेण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते एकट्या जवानावर सोपवणे अन्यायाचे आहे. त्याच्या वरिष्ठाने, त्याच्या दलाच्या लेखी नियमाने आणि त्याच्या गाडीत असलेल्या सामानाने तो भार उचलला पाहिजे.

मैल्याच्या टाक्या आणि विहिरी यांचीही हीच तऱ्हा. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इशाऱ्यात नोंदवले आहे की, बंदिस्त जागांतल्या अपघातांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. पहिला बेशुद्ध पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दुसऱ्याला. महाराष्ट्रात अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांतली माणसे पुष्कळदा एकाच घरातली असतात.

आता श्वासाबद्दल. धूर सोसणे ही मर्दुमकी आहे, अशी समजूत जगभरच्या दलांत कित्येक पिढ्या होती. ओला रुमाल तोंडाला बांधून आत जाणारा बहाद्दर, आणि बी.ए. सेट मागणारा नाजूक. बी.ए. सेट म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि तोंडावरचा मुखवटा. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. शांतपणे काम करणाऱ्याला ती पाऊण तास पुरते असे कागदावर म्हणतात; जिना चढून, होज ओढून, माणूस खांद्यावर घेऊन येणाऱ्याला ती निम्म्या वेळात संपते. दाब खाली आला की शिट्टी वाजते आणि तेव्हा बाहेरच पडायचे असते. आत जाताना किती मिनिटांची हवा लागली, तेवढी परतायला ठेवलीच पाहिजे. हा हिशेब बाहेर उभ्या असलेल्या माणसाने पाटीवर लिहून ठेवायचा असतो: कोण आत गेला, किती वाजता, किती दाबाने. कारण आतल्याला वेळेचे भान राहत नाही.

पूर्वी घरात जळायचे ते लाकूड, कापूस, धान्य. आज गाद्यांचा फोम, पडद्यांचे पॉलिएस्टर, टीव्ही, वायरी, प्लास्टिकचे छत. यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि हायड्रोजन सायनाइडही असते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो, म्हणून माणूस काही कळायच्या आत पाय गळून बसतो. त्या क्षणी मरण टळले तरी गोष्ट संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामाचा समावेश कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत, त्याच गटात. काजळी सूटवर बसते, मानेला लागते, गाडीत येते, केंद्रातल्या खोलीत येते, तिथून घरी येते. आग विझवून आल्यावर सूट वेगळा धुणे, तोंड-मान लगेच पुसणे, काजळीचे कपडे झोपण्याच्या खोलीत न टांगणे, या साध्या सवयींनी यातले बरेच टळते. त्यासाठी प्रत्येक जवानाला सूटचा दुसरा जोड मात्र हवा. एकच सूट असलेला माणूस ओला आणि काळा सूट पुन्हा अंगावर चढवूनच पुढच्या वर्दीला जाणार.

२६ मार्च २०२१ च्या रात्री कॅम्पातली फॅशन स्ट्रीट पेटली. कपड्यांची शेकडो दुकाने एकमेकांना चिकटून, वर प्लास्टिक आणि ताडपत्री, मध्ये माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. कँटोन्मेंटच्या दलाबरोबर पुणे महापालिकेच्या गाड्याही आल्या आणि काही तासांत आग आटोक्यात आली. कोणाचा जीव गेला नाही, अशी सुटकेची भावना पसरली असतानाच सकाळी बातमी आली. पुणे कँटोन्मेंट बोर्डाच्या अग्निशमन दलाचे अधीक्षक प्रकाश हसबे रात्रभराचे काम आटोपून घरी परतताना रस्ते अपघातात मृत्यू पावले होते. त्याच वर्षी पुणे महापालिकेच्या दलाचे प्रमुख प्रशांत रणपिसे यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. या दोन मृत्यूंची कारणे मी कोणावर लादत नाही. पण हृदय आणि रस्ता ही या पेशाची दोन जुनी दुखणी आहेत, हे सांगायलाच हवे. अमेरिकेत कर्तव्यावर मरण पावणाऱ्या अग्निशमन जवानांमध्ये सर्वांत मोठा वाटा ज्वाळांचा नसतो, हृदयाचा असतो. वाहनांचे अपघातही वरच्या क्रमांकावर येतात. झोपेतून भोंगा उठवतो, दीड-दोन मिनिटांत माणूस पूर्ण सूटमध्ये गाडीवर असतो, नाडी धावत असते, मग भट्टीसारख्या उष्णतेत जड सामान घेऊन चढायचे, आणि काम संपल्यावर त्याच शरीराने घरी जायचे. काम आटोपल्यावरचा तास हा कामाचाच भाग मानून त्याची काळजी घेतली पाहिजे. दलाच्या वाहनाने घरी सोडणे, विश्रांतीशिवाय पुढची पाळी न देणे, वर्षातून एकदा हृदयाची आणि फुप्फुसांची नीट तपासणी करणे, यांत न परवडण्यासारखे काही नाही.

अडचण माणसांच्या संख्येची आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. त्या मानाने दल वाढले नाही. मंजूर पदांतली पुष्कळ पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली. रिकामे पद ही आस्थापना विभागाची आकडेवारी वाटते, पण ती जवानाच्या जिवाशी थेट बांधलेली असते. परदेशात 'दोन आत, दोन बाहेर' असा नियम आहे: धुरात कोणी एकटा जायचा नाही, आणि आत गेलेल्या दोघांना काढायला तयार असे दोघे बाहेर उभे असलेच पाहिजेत. म्हणजे गाडीवर निदान चार जण लढणारे हवेत, चालक वेगळा. कमी माणसे असलेली गाडी हा नियम पाळू शकत नाही. ती एक तर वाट बघेल किंवा नियम मोडेल. आपले जवान वाट बघत नाहीत.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन द्यायचे असते. हे आपल्या रहिवाशांसाठी आहे असे आपण समजतो. ते तितकेच वर येणाऱ्या जवानासाठी आहे. दहाव्या मजल्यावरच्या नळाला पाणी नसेल तर त्याला होज जिन्याने खांद्यावरून न्यावी लागते. जिन्यात सायकली, जुनी कपाटे आणि चपलांचे स्टँड असतील, तर धुरात चाचपडत उतरणारा तो त्यांच्यावरच अडखळणार आहे. गच्चीचे दार कुलूपबंद असेल तर त्याची शेवटची वाट बंद आहे. फोर्ट स्टिकिनच्या कोठ्यात कापूस कोणी ठेवला हे आपण इतिहासात शोधतो. आपल्या जिन्यात सामान कोणी ठेवले हे शोधायला लांब जायला नको.

तेव्हा पुणेकर वाचकाला माझे मागणे असे आहे. १०१ ला फोन कराल तेव्हा पत्त्याबरोबर आत काय आहे तेही सांगा: गॅसचे सिलिंडर किती, रसायने आहेत का, बॅटऱ्या आहेत का, इमारत किती जुनी, आत माणसे किती आणि कोणत्या मजल्यावर. तुमच्या गल्लीत माणसापेक्षा खोल चर फळ्यांशिवाय खणलेली दिसली तर त्याच दिवशी क्षेत्रीय कार्यालयात तक्रार करा, मजुराला वर यायला सांगा. खड्ड्याकाठी जमलात तर जवानाला 'उतर' म्हणून ओरडू नका. मागे सरका, कडेवरचा भार कमी करा. आणि तुमचा नगरसेवक दारात आला की रस्त्याबरोबर त्याला हेही विचारा: आपल्या भागातल्या केंद्रात एका गाडीवर किती माणसे जातात, प्रत्येकाला बी.ए. सेट आहे का, सूटचा दुसरा जोड आहे का, चरीत लावायच्या फळ्या आणि टेकू गाडीत आहेत का, आणि रिकामी पदे कधी भरणार. उत्तर लेखी मागा.